दुसरा भगतसिंग

तृतीय वर्ष, कला (इतिहास)

भगतसिंग हे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे एकच मूर्ती उभी राहते. तिरकी फेल्ट हॅट, कोवळ्या मिशा आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी फासावर चढलेला तो धीट तरुण. मला आज ज्या भगतसिंगाविषयी लिहायचे आहे तो हा नव्हे. या दुसऱ्या भगतसिंगाने बाँब टाकला नाही, तो फासावर गेला नाही, त्याच्या नावाचा चौक आपल्या गावात नाही. त्याने केले ते एवढेच की, एका परक्या देशाचा नागरिक होता यावे म्हणून त्याने अर्ज केला. एकदा नव्हे, तीनदा केला. तिन्ही वेळा त्याला नागरिकत्व मिळाले आणि त्यांपैकी दोनदा ते काढून घेण्यात आले. त्याचे नाव भगतसिंग थिंड.

अर्ज करणाऱ्या माणसाचे कसले आले आहे चरित्र, असे कोणी म्हणेल. वर्षभरापूर्वी मीही हेच म्हटले असते. पण मध्यंतरी आमच्या घरात एक गोष्ट घडली आणि या माणसाशी माझी गाठ पडली. ती आधी सांगतो.

माझी आत्या न्यू जर्सीत असते. तिचे यजमान संगणकाच्या नोकरीवर तिकडे गेले तेव्हा माझा आतेभाऊ चार वर्षांचा होता. आता तो एकविसाव्या वर्षात आहे. दर रविवारी संध्याकाळी आत्याचा फोन येतो आणि आमची आजी ख्यालीखुशाली विचारण्याच्याही आधी कागद आला का म्हणून विचारते. तो कागद म्हणजे ग्रीन कार्ड, कायम वास्तव्याचा परवाना. नोकरीच्या आधारे असे सुमारे एक लाख चाळीस हजार परवाने अमेरिका दरवर्षी देते. आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातले साधारण सात टक्क्यांहून अधिक मिळू नयेत असा नियम आहे. देश चिमुकला असो की दीडशे कोटींचा, मर्यादा तीच! त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षे लांबतच जाते. मोठी माणसे नोकरीचा परवाना वाढवून घेत रांगेत उभी राहू शकतात. मुलांचे तसे नाही. आईबापांच्या परवान्यावर आश्रित म्हणून राहणारे मूल एकवीस वर्षांचे झाले की ते आश्रित राहत नाही. त्याने स्वतःच्या नावाने विद्यार्थ्याचा वा दुसरा कसला परवाना मिळवावा, नाहीतर देश सोडावा. माझ्या आतेभावाचा एकविसावा वाढदिवस येत्या श्रावणात आहे. ज्या देशात त्याने परत जायचे तो देश त्याला आंब्याच्या दिवसांतल्या दोन-तीन सुट्ट्यांपुरताच ठाऊक!

गेल्या दिवाळीत घरात हा विषय निघाला तेव्हा मी तावातावाने बोललो. मी म्हणालो की, आपली माणसे शिकलेली आहेत, कर भरतात, मुकाट्याने रांगेत उभी राहतात. रात्रीच्या अंधारात कुंपण ओलांडून येणाऱ्यांसारखी ती नाहीत. मग त्यांना त्याच मापाने का मोजावे? सर्वांनी माना डोलावल्या. मलाही माझे म्हणणे मोठे बिनतोड वाटले. सुट्टी संपल्यावर हेच मी आमच्या इतिहासाच्या सरांना ऐकवले. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी एका चिठ्ठीवर थिंड यांचे नाव आणि १९२३ हे साल लिहून दिले व वाचून ये म्हणाले. वाचता वाचता मी जसजसा पुढे गेलो तसतसे माझे ते बिनतोड वाक्य मलाच टोचू लागले. का, ते पुढे कळेलच.

भगतसिंग थिंड यांचा जन्म ३ ऑक्टोबर १८९२ रोजी पंजाबात, अमृतसर जिल्ह्यात, एका शीख कुटुंबात झाला. अमृतसरच्या खालसा कॉलेजात ते शिकले. एमर्सन, थोरो, व्हिटमन यांच्या लिखाणाने या तरुणाला ओढ लावली आणि ज्या देशात हे लेखक झाले तो देश पाहावा असे त्याच्या मनाने घेतले. ४ जुलै १९१३ रोजी, म्हणजे नेमक्या अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिॲटल बंदरात उतरला. वय वीस वर्षे.

इथे मला एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच वर्षीच्या त्याच जुलै महिन्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यूयॉर्कला, आणखी एक भारतीय विद्यार्थी उतरला होता. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात शिकायला आलेले भीमराव आंबेडकर! एकाच महिन्यात आलेले हे दोन तरुण. त्यांची भेट झाल्याचे मी कोठे वाचले नाही. पण या कथेत त्या दोघांना शेजारी शेजारी उभे करण्याची वेळ पुढे येणार आहे.

थिंड ज्या किनाऱ्यावर उतरले तेथे पंजाबी माणसे नवी नव्हती. लाकडाच्या गिरण्यांत, रेल्वेच्या कामावर, शेतमळ्यांत ती राबत होती. त्यांचे स्वागत होत होते असे मात्र नाही. १९०७ साली वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावात गोऱ्या कामगारांच्या जमावाने गिरण्यांतील भारतीयांना मारहाण करून गावाबाहेर हुसकले होते. तिकडे सगळ्या भारतीयांना, मग तो शीख असो की मुसलमान, सरसकट हिंदू म्हणत. ऑरेगन राज्यातील कोलंबिया नदीच्या काठी अस्टोरिया नावाचे गाव आहे. तिथल्या लाकडाच्या गिरणीत थिंड यांनी काम केले आणि त्या पैशांवर ते बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकले. उन्हाळ्यात करवतीपाशी आणि एरवी पुस्तकांपाशी! गदर पक्षाची पायाभरणी १९१३ साली झाली ती याच अस्टोरियात. आपले वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे ऑरेगनातच शेतकीचे शिक्षण घेत होते आणि त्या चळवळीत होते. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेतून परतून १९१५ साली लाहोरला फासावर गेले. थिंड यांची त्या मंडळींत ऊठबस होती. ही ऊठबस पुढे त्यांना भोवणार होती.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. २२ जुलै १९१८ रोजी थिंड अमेरिकेच्या सैन्यात दाखल झाले. वॉशिंग्टन राज्यातील कँप लुईस या छावणीत त्यांचे शिक्षण झाले. त्या वेळचे त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. अंगावर अमेरिकन गणवेश, हातात बंदूक, चेहऱ्यावर दाढी आणि डोक्यावर शिखांचा फेटा. सैन्याने तो फेटा उतरवायला लावला नव्हता. नोव्हेंबरात त्यांना हंगामी सार्जंट करण्यात आले. त्यानंतर तीनच दिवसांनी युद्ध संपले आणि १६ डिसेंबर १९१८ रोजी उत्तम वर्तणुकीच्या शेऱ्यासह त्यांना सन्मानाने निरोप मिळाला.

आता त्या काळी परदेशी माणसाला अमेरिकेचे नागरिक होण्यासाठी काय करावे लागे, ते थोडक्यात पाहू. तेव्हा ग्रीन कार्ड नावाची चीज नव्हती. १९०६ च्या कायद्याप्रमाणे आधी नागरिक होण्याचा इरादा लेखी जाहीर करायचा. त्यानंतर किमान दोन आणि कमाल सात वर्षांच्या आत मुख्य अर्ज. तोवर देशात सलग पाच वर्षे वास्तव्य झालेले हवे आणि आपल्या चालचलणुकीची ग्वाही देणारे दोन नागरिक साक्षीदार हवेत. मग न्यायाधीशापुढे शपथ. मला प्रवेशासाठी डोमिसाईलचा दाखला हवा होता तेव्हा मी एका कचेरीत तीन खेपा घातल्या आणि प्रत्येक खेपेस एक नवाच कागद कमी निघाला. त्यामुळे हे सर्व वाचताना मला फारसे नवल वाटले नाही. सैनिकांसाठी मात्र मे १९१८ च्या कायद्याने सवलत ठेवली होती. त्यांना आधीच्या इराद्याची आणि पाच वर्षांच्या वास्तव्याची अट नव्हती.

पण या सगळ्या कागदांच्या आधी एक दरवाजा होता. १७९० च्या पहिल्या कायद्याने नागरिकत्वाचा मार्ग केवळ मुक्त गोऱ्या माणसांना खुला ठेवला होता. यादवी युद्धानंतर, १८७० साली, त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियातला माणूस यांपैकी कशात बसतो? कायदा मुका होता. मग ज्या त्या न्यायाधीशाला जे सुचेल ते खरे! १९१० साली न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने भिकाजी बालसरा या मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याला गोरा ठरवून नागरिक मानले. १९१३ साली अक्षयकुमार मजुमदार या बंगाली गृहस्थांना वॉशिंग्टन राज्यात नागरिकत्व मिळाले. काहींचे अर्ज नामंजूर झाले. गाव बदलले की माणसाचा रंग बदलत होता म्हणा ना!

थिंड यांना ९ डिसेंबर १९१८ रोजी छावणीतच नागरिकत्वाचा दाखला मिळाला. अंगावर गणवेश होता. चारच दिवसांनी, १३ डिसेंबरला, तो रद्द करण्यात आला. कारण, हा गृहस्थ गोरा नाही. अंगावरचा गणवेश तसाच होता! ज्याच्या हाती देशाने बंदूक दिली त्याच्या हाती देशाचा कागद राहू देण्यास मात्र कायदा तयार नव्हता.

दुसरा कोणी असता तर निराश होऊन बोटीत बसला असता. थिंड यांनी पाच महिन्यांनी, ६ मे १९१९ रोजी, शेजारच्या ऑरेगन राज्यात पुन्हा अर्ज केला. नागरिकत्व खात्याच्या अधिकाऱ्याने कसून विरोध केला. गोरेपणाचा मुद्दा तर होताच, पण गदरवाल्यांशी असलेली जुनी ओळखही पुढे आणण्यात आली. आपला देश इंग्रजांच्या अमलातून मुक्त व्हावा असे वाटते, हे थिंड यांनी न्यायालयात लपवले नाही. मात्र त्यासाठी सशस्त्र उठाव व्हावा असे आपले मत नाही, असेही सांगितले. न्यायाधीश वोल्व्हर्टन यांनी त्यांची सैन्यातील सेवा व वर्तणूक पाहिली, आधीचे निवाडे पाहिले आणि त्यांच्या बाजूने निकाल दिला. १८ नोव्हेंबर १९२० रोजी थिंड दुसऱ्यांदा अमेरिकेचे नागरिक झाले.

सरकारने अपील केले आणि ते प्रकरण चढत चढत थेट वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अमृतसरात जन्मलेला, पूर्ण भारतीय रक्ताचा उच्चवर्णीय हिंदू हा कायद्याच्या अर्थाने गोरा माणूस आहे काय, असा प्रश्न न्यायालयापुढे ठेवण्यात आला. शीख थिंड इथेही हिंदूच होते! त्यांची कैफियत मांडणाऱ्या वकिलांत सखाराम गणेश पंडित हे नाव वाचले आणि परमुलखात आपले माणूस भेटावे तसे मला वाटले. पंडित हे स्वतः १९१४ साली अमेरिकेचे नागरिक झालेले होते आणि कॅलिफोर्नियात वकिली करीत होते.

थिंड यांच्या बाजूला आशा वाटावी असे एक कारण घडले होते. अवघ्या तीन महिन्यांपूर्वी, १३ नोव्हेंबर १९२२ रोजी, याच न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाचा अर्ज फेटाळला होता. ओझावा वीस वर्षे अमेरिकेच्या भूमीवर राहिलेले, तिकडेच शिकलेले, घरात इंग्रजी बोलणारे. पण न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी निकालात असे म्हटले की, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी माणूस त्या वंशाचा नाही. थिंड यांच्या वकिलांना हे शस्त्रच सापडले. कारण त्या काळचे वंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना कॉकेशियन वंशात घालीत. पंजाब ही आर्यांची भूमी, थिंड आर्य, आर्य ते कॉकेशियन, कॉकेशियन ते गोरे. सिद्धता पूर्ण!

वाचकहो, इथपर्यंत मी थिंड यांच्या बाजूने होतो. पुढचे पान उलटले आणि थांबलो. एवढ्या शतकांत आर्यांचे रक्त मिसळले नसेल कशावरून, अशी शंका कोणी घेईल म्हणून वकिलांनी एक पुरावा जोडला होता. तो पुरावा म्हणजे आपली जातिव्यवस्था! जातीबाहेर लग्न होत नाही, म्हणून उच्चवर्णीयांचे रक्त शुद्ध राहिले, असा त्यांचा युक्तिवाद. एवढ्यावर ते थांबले नाहीत. विवाहसंबंधांच्या बाबतीत अमेरिकेचा गोरा माणूस कृष्णवर्णीयाकडे ज्या दृष्टीने पाहतो त्याच दृष्टीने उच्चवर्णीय हिंदू आपल्याकडच्या आदिवासींकडे पाहतो, असे त्यांनी न्यायालयाला पटवण्याचा प्रयत्न केला. म्हणजे आम्हीही तुमच्यासारखेच तुच्छतेने पाहणारे आहोत, सबब आम्हांला तुमच्यात घ्या!

आता त्या दुसऱ्या विद्यार्थ्याची आठवण काढतो. ९ मे १९१६ रोजी, म्हणजे या खटल्याच्या जवळजवळ सात वर्षे आधी, आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचला होता. जातीतल्या जातीतच लग्न करण्याचे बंधन हेच जातिसंस्थेचे मर्म, असे त्यांनी त्यात दाखवून दिले होते. स्त्रियांवर लादलेल्या सतीच्या, सक्तीच्या वैधव्याच्या आणि बालविवाहाच्या रूढी याच बंधनाच्या पोटी जन्मल्या, हेही मांडले होते. एका भारतीयाने अमेरिकेत ज्या बंधनाचा रोग म्हणून शोध घेतला, तेच बंधन दुसऱ्या भारतीयाच्या बाजूने अमेरिकेतच गुण म्हणून सादर झाले. फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात शिकणाऱ्या मला हे वाचून मान खाली घालावी लागली. थिंड यांना मी दोष देत नाही असे म्हणता येणार नाही. पण त्यांच्यापुढे जो कायदा होता तो गोरा की नाही एवढेच विचारीत होता. भिंत पाडा असे म्हणण्याची सोय त्या अर्जात नव्हती. भिंतीच्या आतल्या बाजूचा मी आहे एवढेच सिद्ध करण्याची होती. अर्जाचा नमुना माणसाकडून काय काय वदवून घेतो!

आणि एवढे करून हाती काय आले? १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. लिहिणारे न्यायमूर्ती पुन्हा सदरलँडच. तीन महिन्यांपूर्वी ज्या वंशशास्त्राच्या आधारे त्यांनी ओझावांना बाहेर ठेवले होते, ते शास्त्र आता त्यांनी बाजूला सारले. कॉकेशियन शब्दाचा शास्त्रीय अर्थ काहीही असो, रस्त्यावरचा सामान्य अमेरिकन माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, आणि तो भारतीयाला गोरा समजत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. यात कोणाला कमी लेखायचे नसून केवळ भेद दाखवायचा आहे, अशी पुस्तीही जोडली होती. जपानी माणसापुढे शास्त्र, भारतीयापुढे लोकसमज. दार एकच, कड्या दोन! गंमत अशी की, हे न्यायमूर्ती स्वतः इंग्लंडात जन्मलेले आणि तान्हेपणी आईबापांबरोबर अमेरिकेत आलेले होते. त्यांच्या कुटुंबाला मात्र कोणी रंग विचारला नव्हता.

या निकालाचा घाव एकट्या थिंड यांच्यावर पडला नाही. आधी रीतसर नागरिक झालेल्या पन्नासच्या आसपास भारतीयांवर सरकारने नागरिकत्व रद्द करण्याची कारवाई केली. मजुमदारांचेही गेले. कॅलिफोर्नियात ज्यांना नागरिक होण्याचा हक्क नाही अशा परक्यांना शेतजमीन घेण्यास कायद्याने बंदी होती. आता ती भारतीयांना पुरती लागू झाली. घाम गाळून उभे केलेले मळे कोणी विकले, कोणी गोऱ्या ओळखीच्यांच्या नावे करून दिले.

यातली वैष्णोदास बागाई यांची कथा तर वाचवत नाही. पेशावरचे हे गृहस्थ १९१५ साली पत्नी कला आणि तीन मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला आले. दुकान काढले, घर केले, १९२१ साली नागरिक झाले. निकालानंतर नागरिकत्व गेले. भारतात जाऊन येण्यासाठी अमेरिकेचा पासपोर्ट मागितला, तोही मिळाला नाही. ज्या इंग्रजी राज्याचा वीट येऊन ते निघाले होते त्याचाच पासपोर्ट घ्या, असे त्यांना सुचवण्यात आले. १९२८ च्या मार्चमध्ये त्यांनी सॅन होझे येथे भाड्याच्या खोलीत गॅस सोडून आयुष्य संपवले. आपल्या मृत्यूचे कारण त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून कळवले होते. कलाबाईंनी मुलांना वाढवले आणि पुढे कायदा बदलल्यावर त्या अमेरिकेच्या नागरिक झाल्या. ज्या बर्कले गावात थिंड शिकले तिथल्या एका रस्त्याला आता त्यांचे नाव आहे.

सखाराम पंडितांवरही हीच वेळ आली. त्यांचे नागरिकत्व गेले असते तर वकिलीची सनद, मालमत्ता आणि अमेरिकन पत्नीचे नागरिकत्वही गेले असते. पण यावेळी त्यांनी आर्य रक्ताची गोष्ट पुढे केली नाही. जे नागरिकत्व न्यायालयाने सर्व बाजू ऐकून एकदा दिले आणि ज्याच्या भरवशावर माणसाने संसार मांडला, ते सरकारला मागाहून हिसकावता येणार नाही, असा साधा न्यायाचा मुद्दा त्यांनी लढवला. १९२६ साली वरिष्ठ न्यायालयाने तो मान्य केला आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. त्यानंतर सरकारने असे खटले आवरते घेतले. मला या दोन युक्तिवादांतला फरक फार मोलाचा वाटतो. पहिला वंशाचा होता, तो हरला. दुसरा दिलेल्या शब्दाचा होता, तो जिंकला.

आणि थिंड? ते गेले नाहीत. देशाने दोनदा परके ठरवलेला हा माणूस त्याच देशात गावोगाव व्याख्याने देत हिंडला. शीख गुरूंची वाणी, कबीर, आणि ज्यांच्या ओढीने तो आला होता ते एमर्सन, थोरो, व्हिटमन यांना एका सूत्रात ओवून तो अमेरिकन श्रोत्यांपुढे अध्यात्म मांडू लागला. पुस्तके लिहिली. लोक त्यांना डॉक्टर थिंड म्हणून ओळखू लागले. ज्याला सामान्य अमेरिकन माणूस आपल्यातला मानणार नाही असे न्यायालयाने म्हटले होते, त्याच्यापुढे तीच सामान्य अमेरिकन माणसे येऊन बसत होती!

१९३५ साली अमेरिकेच्या काँग्रेसने एक कायदा केला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेसाठी लढलेल्या आशियाई सैनिकांना वंशाची अट न लावता नागरिकत्व द्यावे, असा तो कायदा. थिंड यांनी न्यूयॉर्क राज्यात तिसरा अर्ज केला आणि १९३६ साली ते तिसऱ्यांदा नागरिक झाले. यावेळचा कागद टिकला. कँप लुईसच्या त्या चार दिवसांच्या दाखल्यानंतर सुमारे अठरा वर्षे लोटली होती. पंचविशीत चाललेला अर्ज चव्वेचाळिशीच्या सुमारास पुरा झाला. १९४० साली त्यांनी व्हिव्हियन डेव्हिस यांच्याशी विवाह केला. १५ सप्टेंबर १९६७ रोजी, वयाची पंचाहत्तरी पुरी होण्यास काही दिवस असताना, त्यांचे निधन झाले.

तोवर भिंतीला भगदाडे पडली होती. जुलै १९४६ मध्ये भारतीयांना नागरिक होण्याची मुभा मिळाली आणि वर्षाला शंभर जणांना येण्याची परवानगी. १९५२ साली नागरिकत्वाच्या कायद्यातून वंशाची अट गेली. १९५६ साली दलीपसिंग सौंद हे पंजाबी शेतकरी अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून आले. १९६५ च्या कायद्याने मूळ देशावरून कोटे ठरवण्याची जुनी पद्धत मोडली. आमच्या आत्यासारख्या हजारो कुटुंबांना वाट झाली ती त्यानंतर. आज कोणी अर्जदाराला गोरा आहेस काय म्हणून विचारत नाही. जन्म कोठे झाला एवढे विचारतात आणि त्यावरून रांगेतली जागा ठरते.

आता माझ्या त्या दिवाळीतल्या वाक्याकडे येतो. आमची माणसे शिकलेली, रांगेतली. त्या कुंपणावरून येणाऱ्यांसारखी नव्हेत. काय केले होते मी? थिंड यांच्या वकिलांनी जे केले तेच! आम्हांला आत घ्या हे सांगण्यासाठी, बाहेर ठेवण्याजोगे ते दुसरे आहेत, असे बोट दाखवले होते. नियम असावेत की नसावेत, हा माझा मुद्दा नाही. रांग मोडणे बरे असेही मी म्हणत नाही. पण सदरलँडसाहेबांच्या निकालाने एक गोष्ट मला शिकवली. दुसऱ्याला खाली दाखवून स्वतःसाठी मागितलेली जागा टिकत नाही. मोजणाराची पट्टी एका रात्रीत बदलते आणि आपण ज्यांच्याकडे बोट दाखवले त्यांच्याच शेजारी येऊन उभे राहतो. माझा आतेभाऊ येत्या श्रावणात तसाच उभा राहणार आहे. सतरा वर्षे नियमाने वागून!

मागच्या रविवारी आजीने नेहमीप्रमाणे कागदाची चौकशी केली. आतेभावाने विद्यार्थ्याच्या परवान्यासाठी अर्ज केला आहे, असे आत्या म्हणाली. मग मी त्याच्याशी बोललो आणि त्याला या दुसऱ्या भगतसिंगाची हकीकत सांगितली. त्याने ती आपल्या शाळेत कधी ऐकली नव्हती. मीही माझ्या शाळेत ऐकली नव्हती. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याच्या त्या तुटक मराठीत त्याने त्या फेटेवाल्या सैनिकाचे छायाचित्र पाठव म्हणून सांगितले. मी ते त्याच रात्री पाठवले.

येत्या दिवाळीत सगळी मंडळी पुन्हा एकत्र जमतील आणि हा विषय निघाल्यावाचून राहणार नाही. त्या वेळी सर्वांसमक्ष माझे ते वाक्य मागे घ्यायचे, असे मी ठरवले आहे.